मधलं उत्तर

भावोजींनी चिमट्याने चिपवर क्लिप बसवली, लॅपटॉपवर एक बटण दाबलं आणि मान वर न करताच सांगितलं,

"गेली."

मेहुणा दारात उभा होता. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात दुसरा मोबाइल.

"म्हणजे जळली का, भावोजी?"

"जळली असती तर वास आला असता. तेवढं तुम्हालाही कळलं असतं."

मेहुण्याने हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याला सवय होती. लिफ्टचे कंट्रोल बोर्ड बनवणारी ही कंपनी त्याची होती, टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत मावणारी, आणि भावोजी तिच्यातले एकमेव असे गृहस्थ होते की ज्यांना काढून टाकणं शक्य नव्हतं. एक तर बहिणीचा नवरा, आणि दुसरं म्हणजे बोर्डावरच्या मेमरीचा ड्रायव्हर, म्हणजे ती मेमरी लिहिणारा-वाचणारा छोटा प्रोग्रॅम, त्यांच्याशिवाय कुणाला कळत नव्हता. मालकाची थोरली बहीण टेलिफोनवर बसायची म्हणून ती सगळ्यांची ताई, आणि ताईंचा नवरा म्हणून हे सगळ्यांचे भावोजी. हिशेबनीस भावोजी म्हणायचा, लादी पुसणारी बाई भावोजी म्हणायची. आयुष्यभर इंजिनिअरिंग करून माणसाची ओळख काय, तर कुणाच्या तरी बहिणीचा नवरा. भावोजींना या नावाची शिसारी होती, पण ज्यांना मेमरी म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्याशी नावावरून वाद काय घालायचा, म्हणून ते गप्प बसत.

"इस्पितळातल्या दोन नंबरच्या लिफ्टचा बोर्ड आहे हा," मेहुणा म्हणाला. "काल दोन मजल्यांच्या मधे बंद पडली. आत स्ट्रेचरवर पेशंट होता."

"वाचला ना?"

"वाचला. पण त्यांचे देखभालप्रमुख भडकलेत. आजच्या आज सगळ्या लिफ्टमधले आपले बोर्ड उपटून टाकतो म्हणाले. ते इस्पितळ गेलं तर बाकीचे थांबणार नाहीत, भावोजी. कंपनीला टाळं लागेल. तुम्हीच जा आता. ताईला पाठवलं असतं, पण ती आज आली नाही."

"मान धरली असेल."

"आणि ही तिच्या ड्रॉवरची किल्ली. काल जाताना माझ्या टेबलावर ठेवून गेली."

"विसरली असेल."

"विसरली नाही. ठेवून गेली."

"तुमच्या घराण्यात कोण काय कुठे ठेवतं आणि कोण कुठे विसरतं हे कळायला सुद्धा एक ड्रायव्हर लिहावा लागेल," भावोजी म्हणाले आणि लाल फितीची ती किल्ली त्यांनी खिशात टाकली. सकाळी बायकोने आज मी येत नाही असं सांगितलं होतं खरं. ते तेव्हा मोज्याची जोडी शोधत होते.

बोर्ड का गेला हे त्यांना चिपला हात लावण्याआधीच ठाऊक होतं. खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला होता. मूर्खांच्या हट्टाचं फळ मूर्खांच्या पदरात पडताना बघण्याइतकं सुख दुसरं नाही, आणि हे सुख त्यांना बरेच दिवस मिळालं नव्हतं.

ही मेमरी म्हणजे लहान लहान खणांची भिंत. त्या खणांना ब्लॉक म्हणतात. काही ब्लॉक कारखान्यातूनच फुटके येतात, त्यांवर तशी खूण असते. बाकीचे वापरून झिजतात. एकच खण पुन्हा पुन्हा वाचला तर त्याच्यातली अक्षरंही हळूहळू पुसट होत जातात. म्हणून खणातल्या प्रत्येक पानाबरोबर थोडा पडताळाही लिहून ठेवलेला असतो, आणि दोनचार अक्षरं बिघडली तर त्या पडताळ्यावरून ड्रायव्हर ती दुरुस्त करून घेतो. वरच्या प्रोग्रॅमने पान मागितलं की भावोजींचा ड्रायव्हर तीनपैकी एक उत्तर द्यायचा. पहिलं, ठीक आहे. तिसरं, वाचता येत नाही. आणि मधलं: चुकलेलं होतं, मी सुधारून दिलंय, पण हा ब्लॉक थकला आहे, यातला माल वेळेवर दुसरीकडे हलवा. सगळी अक्कल या मधल्या उत्तरात होती. हलवला की तो ब्लॉक पुसून बघायचा, पुन्हा लिहून बघायचं. जमलं तर ब्लॉक चांगलाच आहे, नुसता थकला होता. वाचता आलं नाही म्हणून कुणी लगेच ब्लॉक खराब ठरवला की भावोजींच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पण वरचा प्रोग्रॅम लिहिणारा होता एक टायवाला. ऑफिसात टाय घालून येणारा तो एकटाच, म्हणून भावोजी त्याला नुसतं टाय म्हणत. टायला दोनच उत्तरं कळायची, हो आणि नाही. मधलं उत्तर आलं की तो ते नाही समजायचा आणि लिफ्ट जिथे असेल तिथे थांबवायचा. चालत्या, धडधाकट लिफ्ट अधेमधे लटकायला लागल्या. मेहुणा धावत आला. भावोजी, तुमचं ते मधलं काय ते बंद करा, लोक घाबरतात.

टायला समोर बसवून समजावलं असतं तर काम दहा ओळींचं होतं. पण गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. भावोजींनी एका ओळीत फेरफार केला. मधल्या उत्तराच्या जागीही 'ठीक आहे' असंच उत्तर जाईल असं करून टाकलं. ड्रायव्हर आतल्या आत चुका सुधारत राहिला आणि वर सगळं छान आहे म्हणत राहिला. त्या संध्याकाळी घरी त्यांनी बायकोला मोठ्या समाधानाने सांगितलं होतं,

"ज्याला मधलं उत्तर झेपत नाही, त्याला ते द्यायचंच कशाला?"

ती कपड्यांना इस्त्री करत होती. ती "हं" म्हणाली होती.

इस्पितळाकडे जाताना भावोजींनी तीन वाक्यं तयार केली. एक टायसाठी, एक मेहुण्यासाठी आणि एक देखभालप्रमुखासाठी, तिन्ही चांगली धार लावलेली. माणसाला तोंडावर सुनावलं की तो ताळ्यावर येतो असा त्यांचा अनुभव होता. इतकी वर्षं त्यांनी तेच केलं होतं. गिऱ्हाइकाचा फोन आला की ताई रिसीव्हरवर हात ठेवून यांच्याकडे बघायची, आणि हे जागेवरूनच ओरडायचे. त्या माठांना सांग, दाराच्या फटीत पोतं कोंबून ठेवलं की दार लागत नाही, हे कळायला इंजिनिअर लागत नाही. ती म्हणायची, सांगते. मग पाठ फिरवून हळू आवाजात बोलत राहायची. आणि गिऱ्हाईक टिकायचं. सगळी टिकली होती. भावोजींच्या मते सडेतोडपणाला जगात अजून किंमत होती, त्याचा हा पुरावा होता.

देखभालप्रमुख गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत भेटले. निवृत्तीला आलेला, जाडजूड हाताचा माणूस, शर्टाच्या खिशात टॉर्च. खोलीत ग्रीसचा वास भरून राहिला होता, आणि सहा लिफ्टचे दोर कधी हा, कधी तो, सरकत होते. फक्त दोन नंबरचे स्थिर होते.

"या, भावोजी," ते म्हणाले.

हे नाव इथपर्यंत पोचलं होतं तर. भावोजींनी ओठ मुडपले.

"काल मी स्वतः हाताने चाक फिरवून ती लिफ्ट खाली घेतली," प्रमुख म्हणाले. "आत आमचा वॉर्डबॉय होता. सगळा वेळ ऑक्सिजनच्या सिलेंडरच्या काट्याकडे बघत उभा होता. बाहेर आला तेव्हा त्याला नीट बोलताही येईना. बोर्ड काढायला मी माणसं बोलावली आहेत. खाली बसली आहेत ती."

तिसरं वाक्य जिभेवर आलं होतं. भावोजींनी ते उच्चारण्यासाठी श्वास घेतला.

"पण म्हटलं, आधी तुमच्याशी बोलावं. तुमच्यासारखा माणूस मी या धंद्यात दुसरा पाहिला नाही."

भावोजी थांबले. टोमणा मारण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे कुणी मारला तर तो त्यांना लांबून दिसायचा. त्यांनी प्रमुखांच्या चेहऱ्यावर तो शोधला. सापडला नाही.

"मागे दारांचं झालं होतं ना? आमच्याच माणसांनी फटीत पोती कोंबली होती. दुसऱ्या कुणी आमची अक्कल काढली असती. तुम्ही ताईंबरोबर निरोप दिलात, दारं संवेदनशील आहेत, तुमच्या लोकांची चूक नाही, एकदा येऊन बघून जातो. मी तो निरोप माझ्या पोरांना जसाच्या तसा ऐकवला होता. म्हटलं, इतकं येणारा माणूस कसं बोलतो बघा."

"मी," भावोजी म्हणाले.

"आणि माझी आई गेली तेव्हाही तुम्ही आवर्जून चौकशी केली होतीत."

प्रमुखांची आई होती किंवा गेली यातलं भावोजींना काहीच माहीत नव्हतं. त्यांना त्या वेळचं एवढंच आठवलं की या इस्पितळाचं बिल सुटत नव्हतं आणि त्यांनी खुर्चीवरूनच विचारलं होतं, तो थेरडा आहे का मेला? ताई म्हणाली होती, विचारते.

भावोजींनी उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसून लॅपटॉप उघडला, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

"काय झालं होतं दोन नंबरला?" प्रमुखांनी विचारलं.

"मेमरी झिजत होती. ड्रायव्हर चुका सुधारून देत होता. सुधारण्यालाही एक मर्यादा असते. ती ओलांडली की एकदम सगळंच जातं."

"म्हणजे ड्रायव्हरला आधीपासून कळत होतं?"

"बरेच दिवस."

"मग त्याने सांगितलं का नाही?"

टायचं वाक्य तयार होतं. मेहुण्याचं तर त्याहून झकास होतं.

"ते बंद केलेलं होतं."

"कुणी?"

तीन नंबरचे दोर धडधडत खाली गेले.

"मी."

प्रमुखांनी टॉर्च खिशातून काढला, उगाच लावून बघितला, परत ठेवला.

"ताई म्हणायच्याच," ते म्हणाले. "भावोजी स्वतःच्या चुकीवर पांघरूण घालत नाहीत. तिखट वाटले तरी मनाने हळवे आहेत." आणि मग कामाच्या आवाजात, "बाकीच्या पाच तपासाल? कुठली आधी? पाच नंबर फार कुरकुर करते. दर आठवड्याला काही ना काही असतंच तिचं."

भावोजींनी पाच नंबर तपासली. कुरकुर दाराच्या मोटरची होती, मेमरी ठणठणीत होती. एक, तीन आणि सहा नंबर थोड्या झिजलेल्या होत्या, पण काळजीसारखं काही नव्हतं. मग त्यांनी चार नंबरच्या बोर्डाला वायर जोडली.

"ती राहू द्या हो," प्रमुख म्हणाले. "ती आमची गुणी लिफ्ट. बसवल्यापासून एक तक्रार नाही. ऑपरेशनचे पेशंट आम्ही मुद्दाम तिच्यातूनच नेतो."

भावोजींनी तिला आधी सरळ रस्त्याने विचारलं, वरचा प्रोग्रॅम विचारतो तसं. प्रत्येक पानाला उत्तर आलं, ठीक आहे. एका पानालाही क्षणाचा उशीर नाही. मग त्यांनी आतला आकडा वाचला, किती अक्षरं दर वेळी सुधारून घ्यावी लागतात तो. तो पडद्यावर आला तसे ते खोक्यावरून उठून उभे राहिले.

"हिला थांबवा," ते म्हणाले. "आत्ता. खालच्या मजल्यावर आणून दारं उघडी ठेवा."

"चार नंबरला?"

"एक अक्षर आणखी बिघडायचं बाकी आहे."

प्रमुखांनी प्रश्न न विचारता फोन उचलला. इतक्या वर्षांत भावोजींचं म्हणणं वाद न घालता ऐकणारा हा पहिलाच माणूस, आणि तोही कुणा दुसऱ्याच्या पुण्याईवर ऐकत होता.

दुपारभर ते त्या उकाड्यात बसले. चार नंबरमधला माल नव्या ब्लॉकमध्ये हलवला, जुने ब्लॉक पुसले, लिहून पाहिले. बहुतेक सगळे पुन्हा उभे राहिले. एकच राहिला नाही, त्याच्यावर त्यांनी खराब अशी खूण केली. मग मधलं उत्तर पुन्हा चालू केलं, आणि ते आल्यावर लिफ्ट न थांबवता काय करायचं याच्या दहा ओळी टायच्या प्रोग्रॅममध्ये स्वतः घातल्या. दहाच्या नऊच झाल्या. खाली बसलेली माणसं चहा पिऊन परत गेली. निघताना प्रमुख म्हणाले,

"ताईंना नमस्कार सांगा. आज त्या बरोबर असतील असं वाटलं होतं."

बाहेर पडल्यावर भावोजींच्या डोक्यात एक हिशेब सुरू झाला आणि तो काही केल्या थांबेना. शेजारी कधी भांडायला आले नाहीत. मुलगी परगावाहून दर रविवारी फोन करते, तो आधी आईला. मग आई सांगते, बाबांना फार आठवण येते तुझी, आणि फोन यांच्या हातात देते. लग्नाकार्यात लोक यांच्याशी हसून बोलतात. हे सगळं त्यांनी आजवर स्वतःच्या खात्यावर धरलं होतं.

घरी आले तेव्हा ती स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. मान धरलेली नव्हती. दारामागच्या खुंटीवर तिचा नेहमीचा ऑफिसचा झोला नव्हता, आणि जेवणाच्या टेबलाच्या कडेला तिचे ऑफिसातले दोन कप, कंगवा आणि बसायची उशी नीट मांडून ठेवलेली होती. म्हणजे काल तिने सगळंच आणलं होतं. काल संध्याकाळपासून ते तिथेच पडलं असणार. ते त्याच टेबलावर जेवलेही होते.

भावोजींनी खिशातली किल्ली काढून ओट्यावर ठेवली.

"काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. सगळं ठीक आहे."

उत्तर लगेच आलं, गुळगुळीत, हात न थांबवता. एरवी भावोजी "मग झालं तर" म्हणून टीव्ही लावायला गेले असते. आज ते स्टूल ओढून बसले.

"चार नंबरची लिफ्टही हेच म्हणत होती," ते म्हणाले.

तिने नळ बंद केला. मधलं उत्तर म्हणजे काय हे तिला त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकावं लागलं होतं की वेगळं समजावण्याची गरज नव्हती. ती वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर जी तुच्छता होती ती भावोजींनी आरशात अनेकदा पाहिली होती, पण दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर स्वतःसाठी कधी पाहिली नव्हती.

"सांगायचे की," ती म्हणाली. "सुरुवातीची वर्षं सगळं सांगायचे. अहो, आईंशी असं बोलू नका. अहो, मुलीला लागलं ते. एवढंसं सांगितलं तरी तुम्ही आठ आठ दिवस अबोला धरायचात. घर जागच्या जागी थांबायचं. मग मी बंद केलं."

"आणि लोकांना ते सगळं—"

"तेही आता बंद. दमले मी."

"तू इस्पितळात त्यांना सांगितलंस, मी हळवा आहे."

"काहीतरी सांगायला हवं होतं."

ती हे रागाने बोलली असती तर भावोजींना उत्तर सुचलं असतं. रागाला त्यांच्याकडे उत्तरं खूप होती. तिने पदराला हात पुसले, ओट्यावरची किल्ली उचलली, तिची लाल फीत बोटाभोवती गुंडाळून नीट केली, आणि ती त्यांच्या तळहातावर ठेवून दिली.

"ही उद्या माझ्या भावाला द्या. सांगा, ताई आता फोनवर बसणार नाही."

भावोजींनी मान हलवली. मग सवयीने वर बघून विचारलं,

"काय म्हणून सांगू?"

ती पुन्हा नळाकडे वळली होती.

"तुमच्याच शब्दांत सांगा," ती म्हणाली.